टिंबबाईंचं टेकाड

डॉट म्हणजे टिंब, एवढं इंग्रजी मला येत होतं. वाक्य संपलं की डॉट द्यायचा, हे आमच्या मास्तरांनी फळ्यावर खडू आपटून आपटून शिकवलं होतं. पण डॉट हे बाईमाणसाचं नाव असतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगणार असतील तर नववीत सांगणार असतील. मी आठवीनंतर शाळा सोडली.

त्यामुळे ओहायोत आल्यावर एका म्हातारीने माझ्याशी दोन वाक्यं बोलून, छातीवर हात ठेवून ‘डॉट’ म्हटलं, तेव्हा मला वाटलं बाईंचं बोलणं संपलं. मी मान हलवली आणि घरी निघून आले.

पुढे कळलं की त्यांचं खरं नाव डोरोथी, पण अख्खं गाव त्यांना मिस डॉट म्हणतं. आमच्या ह्यांनी लगेच त्याचं मराठी केलं, टिंबबाई. ते शोभायचंही. पाच फुटांच्या आतली उंची, गोल चेहरा, डोक्यावर पांढऱ्या केसांची टोपी, आणि एका जागी उभ्या राहिल्या की तिथून हलायच्या नाहीत. टिंब कुठे हलतं?

ह्यांचे थोरले भाऊ इंजिनिअर. त्यांनी कागदपत्रं केली म्हणून आम्ही ब्याऐंशी साली अमेरिकेत आलो. हे लेथवर काम करणारे. दक्षिण ओहायोतल्या एका लहानशा गावात ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले. मुलगी रेखा सहा वर्षांची होती, ती महिनाभरात इंग्रजीत भांडायला लागली. राहिले मी. मला तेव्हा सगळ्याची भीती वाटायची. फोनची, टोस्टरची, पोस्टमनची. सगळ्यात जास्त भीती छापील फॉर्मची. कुठल्याही फॉर्मवर कुठेतरी एक रकाना असायचाच, शिक्षण किती. तिथे आलं की माझं पेन वाळायचं.

तर ते ‘डॉट’ प्रकरण असं झालं.

आम्हाला येऊन आठवडा झाला असेल. घरात कोणी नव्हतं. मी धीर करून घरामागे फिरायला गेले. बेसबॉलचं मैदान ओलांडलं आणि पुढे एक टेकाड दिसलं. अगदी गोल. घमेलं पालथं घालावं तसं, दीड मजला उंच. त्यावरचं गवत पायथ्यापासून माथ्यापर्यंत कड्याकड्यांनी कापलेलं. माथ्यावर झाडाचा एक जुना बुंधा आणि त्याला बांधलेलं लाल फडकं. आता तुम्हीच सांगा. गोल टेकाड, राखलेलं गवत, वर लाल निशाण. बार्शीकडच्या कुठल्याही बाईने जे केलं असतं तेच मी केलं. बूट काढून शेजारी शेजारी ठेवले, पदर नव्हता म्हणून स्कार्फ डोक्यावर घेतला, आणि पाच प्रदक्षिणा घातल्या. नारळ कुठला आणणार? तिथलीच पिवळी फुलं तोडून पायथ्याशी वाहिली.

मागे वळून पाहते तर एक म्हातारी गवत कापायच्या मशीनला टेकून उभी.

“काही हरवलं का? कानातलं?” तिने विचारलं. गोल गोल फिरून जमिनीकडे पाहणाऱ्या बाईचं दुसरं काय हरवलं असणार?

मी टेकाडाकडे बोट केलं आणि माझ्याजवळ होतं नव्हतं तेवढं इंग्रजी गोळा करून विचारलं, “इज गॉड?”

म्हातारीने टेकाडाकडे पाहिलं. हसली नाही. मग म्हणाली, “नक्की सांगता येणार नाही. मी फक्त गवत कापते.”

आणि छातीवर हात ठेवून, “डॉट.”

मी बूट घालून घरी आले.

ते देऊळ नव्हतं. ती माती माणसांनी रचलेली होती, दोन हजार वर्षांपूर्वी, टोपली टोपली करून. आत त्यांची माणसं पुरलेली. हे सगळं मला मिस डॉटनी हळूहळू सांगितलं, कारण त्या माझ्याशी अशा बोलायच्या की मला कळेपर्यंत वाक्य सोडायच्या नाहीत. एकदा विद्यापीठातून कोणी गृहस्थ आले होते. त्यांनी टेकाडाला चक्कर मारली, ‘अडीना लोकांचं आहे’ म्हणाले, कॉफी प्यायले आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

“अडीना म्हणजे त्या लोकांचं नाव?” मी विचारलं.

“छे. अडीना हे एका बड्या माणसाच्या बंगल्याचं नाव. त्याच्या आवारात असंच एक टेकाड सापडलं. मग तसली टेकाडं बांधणाऱ्या सगळ्यांना तेच नाव चिकटवलं. ती माणसं स्वतःला काय म्हणत होती, कोणाला ठाऊक?”

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “म्हणजे उद्या आपण मेल्यावर आपल्याला कोणी ‘शांतिकुंज लोक’ म्हणावं तसं.” आम्ही सोलापुरात शांतिकुंज नावाच्या इमारतीत दोन खोल्यांत राहायचो. पुढे आमच्या घरात काही बिघडलं की हे म्हणायचे, शांतिकुंज लोकांची संस्कृती लयाला चालली.

मिस डॉटना कोणी विचारलं, आत काय आहे हो, सोनं वगैरे? तर त्यांचं उत्तर ठरलेलं. “कोणाचे तरी नातेवाईक.” एवढं बोलून त्या मशीन सुरू करायच्या. पुढचा प्रश्न त्या आवाजात बुडायचा.

त्यांची गवत कापायची पद्धत बघायला लोक गाडी थांबवायचे. टेकाडाच्या उतारावर मशीन ढकलायचं म्हणजे सत्तरीच्या बाईचं काम नाही. म्हणून त्यांनी युक्ती केली होती. मशीन आपोआप चालणारं होतं. माथ्यावरच्या बुंध्याला, दोरी घसरू नये म्हणून बांधलेल्या त्या लाल फडक्यावर, लांब दोरी बांधायची, दुसरं टोक मशीनला, आणि द्यायचं सोडून. मशीन टेकाडाभोवती फिरतंय, दोरी बुंध्याला गुंडाळली जातेय, प्रत्येक फेरीला वीतभर आखूड होतेय, आणि मशीन फिरत फिरत वर चढतंय. शेवटी माथ्यावर पोचून बुंध्याशी नाक घासत उभं राहायचं. कधी कधी वाटेत दगड लागला की कलंडायचं. मग मिस डॉट त्याला बस ड्रायव्हरच्या भाषेत चार शब्द ऐकवायच्या. त्या तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झाल्या होत्या.

मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू आवरेना. “आमच्याकडे हे काम बैल करतो,” मी म्हटलं. “तेल काढायला. गोल गोल. आणि त्याचे डोळे बांधतात.”

“डोळे का?”

“आपण कुठेच जात नाही, हे त्याला कळू नये म्हणून.”

पुढच्या शनिवारी गेले तर मशीनच्या टाकीवर ठिपक्यांचा रुमाल करकचून बांधलेला. “आता बरा चालतो,” मिस डॉट गंभीरपणे म्हणाल्या.

माझी एक चूक मात्र त्यांना महागात पडली. बोलता बोलता मी सांगून बसले की प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवायचा असतो. उलटं फिरत नाहीत. मिस डॉटचं मशीन नेमकं उलटं फिरायचं. मी आपलं सहज सांगितलं होतं. त्या विचारात पडल्या. पुढच्या खेपेला त्यांनी मशीन सुलटं सोडलं. पण त्या मशीनचं गवत फेकायचं तोंड उजवीकडे. कापलेलं गवत न कापलेल्या बाजूला उडायला लागलं, पात्यात परत शिरायला लागलं, आणि मशीन चौथ्या फेरीला गुदमरून बंद पडलं. मिस डॉटच्या केसांत, भुवयांत, चष्म्यात गवत.

“तुझ्या देवाला म्हणावं, हे मशीन ओहायोत बनलंय,” त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दहा वेळा सॉरी म्हटलं. पण त्यांनी तोडगा काढला. मशीन उलटं फिरणार आणि त्या स्वतः त्याच्याबरोबर सुलट्या चालणार. म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा म्हातारी आणि मशीन समोरासमोर यायची, आणि दर वेळी मिस डॉट दोरी ओलांडताना त्याला मान तुकवून म्हणायच्या, “गुड मॉर्निंग, सर.” दोरी बांधायला वर जाताना बूट काढायची सवयही त्यांना तेव्हापासूनच लागली.

त्यांची बस सुटली होती, पण बसने त्यांना सोडलं नव्हतं. स्वतःच्या जुन्या मोटारीत बसल्या तरी आधी माणसं मोजायच्या. मला बाजारात न्यायच्या तेव्हा गाडीत त्या आणि मी, दोघीच. तरी मागे वळून बोट नाचवायच्या, “एक. सगळे आले. निघू या.” गावाबाहेर रेल्वेचं फाटक होतं. शाळेच्या बसने फाटकाशी थांबायचं, दार उघडायचं, गाडीची चाहूल घ्यायची आणि मगच पुढे जायचं, असा नियम. मिस डॉट तिथे थांबायच्या, काच खाली करायच्या, कान द्यायच्या. पहिल्यांदा मीही श्वास रोखून ऐकलं. मग खाली पाहिलं तर रूळच नव्हते. रूळ कधीच उखडून नेले होते, नुसती खडी उरली होती.

“मिस डॉट, गाडी नाही.”

“ऐकलं मी. नाही आहे,” त्या म्हणाल्या आणि गाडी पुढे काढली.

हे मात्र त्यांची चेष्टा करायचे. टिंबबाईंबरोबर जाऊ नकोस, एखाद दिवशी त्या गाडीचं तिकीट काढतील.

टेकाडाला एकच शत्रू होता, ग्राउंडहॉग. घुशीचा थोरला भाऊ समजा, मांजराएवढा आणि जावयाइतका आरामशीर. तो टेकाडाला बिळं पाडायचा, माती बाहेर काढून ढीग करायचा आणि ढिगावर बसून ऊन खायचा. मिस डॉट रोज सकाळी त्याने काढलेली माती टोपलीत भरून परत बिळात घालायच्या. त्याचीच माती. दुसरीकडची चिमूटभरसुद्धा नाही. “बाहेरची माती इथे चालत नाही,” म्हणायच्या. “उद्या कोणी शहाणा माणूस येईल, त्याचा घोळ होईल.”

टोपली कमरेवर घेऊन उतार चढताना त्यांचा जीव जायचा. मला बघवेना. दुष्काळी कामावर मी सहा महिने माती वाहिलेली होती. मी स्कार्फ काढला, पिळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर टोपली घेतली आणि हात सोडून वर गेले.

मिस डॉट म्हणाल्या, “हे असंच बांधलं असेल.”

“असंच,” मी म्हटलं. “दुसरं कसं बांधणार? आणि वाटेत गप्पा मारत असणार. पाटी डोक्यावर असली की तोंड मोकळं असतं.”

त्यांना ते फार आवडलं. पुस्तकात हे कुठे दिलेलं नाही, म्हणाल्या. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला पुस्तकात नसलेलं विचारत होतं. त्यांनी आठवडाभर चुंबळीचा सराव केला. आधी रिकामी टोपली, मग धुण्याची. एका सकाळी मिस डॉट डोक्यावर ओल्या कपड्यांची टोपली घेऊन, हात सोडून, मेन स्ट्रीटवरून लाँड्रीपासून घरापर्यंत चालत आल्या. केशकर्तनालयातली माणसं अर्धवट दाढीनिशी बाहेर आली होती. रेखा शाळेतून येऊन म्हणाली, “आई, एव्हरीवन सेज इट्स युअर फॉल्ट.”

चौऱ्याऐंशीच्या वसंतात टेकाडाभोवती खुंट्या आल्या. लाकडी, नारिंगी फीत बांधलेल्या. बेसबॉलच्या मैदानाला गाड्या लावायला जागा पुरत नव्हती, तर हा मातीचा ढीग सपाट करून तिथे पार्किंग करायचं, असं टाउनशिपच्या बोर्डाने ठरवलं होतं. बोर्ड म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायतच. मिस डॉटनी त्याच दुपारी सगळ्या खुंट्या उपटल्या आणि आपल्या परसात टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावल्या, फितींसकट.

बोर्डाचा चेअरमन दारात आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. “मिस डॉट, टाउनशिपच्या खुंट्या...”

“बॉबी, पाय पुसून आत ये.”

तो पाय पुसून आत आला. मी तिथेच होते, लोणच्याची बाटली द्यायला गेले होते. त्याने टेबलावर नकाशा पसरला. मैदान होतं, रस्ता होता, आमच्या घराचा चौकोनसुद्धा होता. टेकाडाच्या जागी कोरा कागद.

“बघा. कागदावर असं काही नाहीच,” तो म्हणाला. “रेल्वेचं काम झालं तेव्हा टाकलेली माती असेल.”

“बॉबी, रेल्वे येऊन किती वर्षं झाली? आणि त्या बुंध्यात वर्तुळं किती आहेत? मोज जाऊन.”

“बोर्डासमोर बोला, मिस डॉट. गुरुवारी सुनावणी आहे. त्या जागेचा कोणाला काही उपयोग आहे, असं कोणी सांगितलं तर बघू.”

तो नकाशा टेबलावरच ठेवून गेल्यावर मिस डॉट त्याच्या त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून बसल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. “तीस वर्षं मी बस त्याच्यासमोर उभी करून डबा खाल्ला,” त्या म्हणाल्या. “रोज. ज्याच्यासमोर तीस वर्षं जेवलं, त्याला उघड्यावर टाकता येत नाही.” मग माझ्याकडे वळल्या. “गुरुवारी तू बोलशील.”

मी म्हटलं, मला इंग्रजी येत नाही. त्या म्हणाल्या, माझ्याशी काय बोलतेस मग? मी म्हटलं, तिथे शिकलेले लोक असतील. आणि मग जे मी अमेरिकेत कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. “मी आठवीच झालेय.”

“पास की नापास?”

“पास.”

“मग तू माझ्या एक वर्ष पुढे आहेस,” मिस डॉट म्हणाल्या. “मी सातवी. पुढे बाप आजारी पडला. मीठ दे जरा इकडे, हे लोणचं अळणी आहे.”

लोणचं अळणी नव्हतं. त्यांना विषय बदलायचा होता.

गुरुवारी संध्याकाळी टाउनशिपच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं. हे, मी आणि मध्ये रेखा, आठ वर्षांची, दुभाषी म्हणून नवा फ्रॉक घालून. मिस डॉट उठल्या आणि आधी माणसं मोजली. सवयीने, बोट नाचवत. मग बोर्डाच्या पाच जणांकडे वळून, कोण कुठल्या सीटवर बसायचं, कोणाला वळणावर मळमळायचं, कोणी सीट फाडली, हे एकेक करून सांगितलं. “तुम्हा पाचांना मी एकदाही वाटेत विसरले नाही,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही एवढं मोठं टेकाड नकाशात विसरलात.”

लोक हसले. चेअरमनही हसला. पण कागद सारखे करत म्हणाला, “ते खरं, मिस डॉट. पण तिथे जातं कोण? एक तरी माणूस दाखवा.”

मिस डॉटनी माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. मी मराठीत बोलायला लागले, कारण दुसरं काही तोंडातून निघेना. म्हटलं, आमच्या गावाबाहेर असंच एक टेकाड होतं. त्याला आम्ही पांढर म्हणायचो. हजारो वर्षांपूर्वी तिथे गाव होतं, ते मातीखाली गेलं. पाऊस पडून गेला की वर मणी उघडे पडायचे, लाल, निळे. मी ते ओवून वासराच्या गळ्यात घातले होते.

रेखा म्हणाली, “शी सेज वी हॅड वन टू. देअर वॉज अ काऊ.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढे बोलले. पांढरीची माती चिकण असते, धाब्याच्या घरावर टाकली की छप्पर गळत नाही. म्हणून प्रत्येक जण उन्हाळ्यात एक गाडी माती आणायचा. माझ्या वडिलांनीही आणली. मी पाटी धरली होती. मी लग्न होऊन गेले, आणि पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा पांढर नव्हती. सपाट. तिथे एसटी थांबत होती.

रेखाने माझ्याकडे पाहिलं. “आई, हे मला कधी सांगितलं नाहीस.” आणि ती भाषांतर करायचंच विसरली.

हॉलमध्ये सगळे वाट बघत होते. मी वाट बघितली, ती काही बोलेना. मग मीच म्हटलं, जसं आलं तसं:

“नोबडी डिसाइड. एव्हरीबडी वन कार्ट.”

कोणी हसलं नाही. चेअरमनने पेन खाली ठेवलं. मी बसले, आणि मला एकदम आठवलं की ‘डिसायडेड’ म्हणायला हवं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही ती त्या ‘डेड’साठी.

लगेच काही झालं नाही. बोर्डाने विषय पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला, आणि शेवटी पार्किंग मैदानाच्या दुसऱ्या बाजूला झालं. सभेच्या वृत्तान्तात माझ्याबद्दल एक ओळ आहे. मिस डॉटनी ती कापून फ्रिजवर चिकटवली होती. ‘भारतातील एका महिलेने बैलगाड्यांविषयी माहिती दिली.’ पुढच्या वर्षी नवा नकाशा छापायला निघाला तेव्हा कचेरीतून मिस डॉटना विचारणा आली, त्या जागी काय नाव छापू?

“काही नको,” त्या म्हणाल्या. “नाव चुकतंच. नुसतं टिंब द्या.”

तसं छापलंही. मैदानाच्या वर एक काळं टिंब, खाली काही नाही. परक्या माणसाला वाटावं शाईचा डाग पडलाय. मिस डॉट नकाशा घेऊन आमच्याकडे आल्या तेव्हा हे दारातच होते. ह्यांनी टिंब पाहिलं, मिस डॉटकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “बाईंनी सही करून घेतली.”

शहाऐंशीत कारखाना बंद पडला. ह्यांना मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या बाहेर काम मिळालं. निघायच्या सकाळी मिस डॉट आल्या. हातात टोमॅटोची पिशवी. देठाला अजून नारिंगी धागा होता. मी पाया पडायला वाकले तर म्हणाल्या, “काही हरवलं का? कानातलं?”

गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून आत डोकं घातलं. बोट नाचवलं. “एक, दोन, तीन. सगळे आले.” मग मागे वळून तेच बोट टेकाडाकडे नेलं आणि हळूच म्हणाल्या, “चार.” हात हलवून निरोप द्यायला त्या थांबल्या नाहीत. गवत वाढलंय, म्हणाल्या, आणि गेल्या. मैदान ओलांडून टेकाडाशी पोचल्या, खाली वाकल्या, बूट काढले. मला दिसल्या त्या तेवढ्याच.

आम्ही निघालो. गावाबाहेर जुन्या फाटकाशी ह्यांनी ब्रेक लावला. मला वाटलं काही विसरलं. ह्यांनी काच खाली केली आणि कान दिला.

गाडी नव्हती. लांबून मशीनचा आवाज येत होता, जवळ येत होता, दूर जात होता, पुन्हा जवळ येत होता. ह्यांनी एक फेरी पूर्ण होऊ दिली आणि मग गाडी पुढे काढली.